सेनापतींचं उरलेलं अंग

युद्ध जिंकून देशाचे प्रमुख झालेल्या सेनापतींना चित्रकारासमोर बसायला अर्ध्या तासाची सवड मिळाली. तेवढ्यात चेहरा उरकला. उरलेल्या अंगासाठी त्यांनी आपला पदकांचा कोट आणि तलवार पाठवून दिली. धंद्याची रीतच तशी: थोरांचं डोकं तेवढं खरं, खालचं अंग कुणाचंही.

कुणाचंही म्हणजे चित्रकाराच्या सासऱ्यांचं. जन्मभर टपालावर शिक्के मारून ते निवृत्त झाले होते. कोट त्यांना असा चपखल बसला, की बाबा लग्नातसुद्धा इतके रुबाबदार दिसले नसतील, असं लेक म्हणाली. फक्त खुर्चीत टेकले की त्यांचा डोळा लागायचा. उन्हाची तिरीप गुडघ्यावरून छातीवर चढायची, पदकं पाण्यातल्या मासळीसारखी लुकलुकायची, कोट संथपणे वरखाली होत राहायचा. बघता बघता कुंचलाही त्याच लयीत चालू लागला. चित्रकार भानावर आला तेव्हा चित्र पुरं झालं होतं. वर करारी चेहरा, खाली गाढ झोपलेला माणूस. मांडीवरच्या तलवारीवरचे हात तर मांजरावर ठेवल्यासारखे.

आता खोडायला वेळ नव्हता. सेनापती दुसऱ्याच दिवशी चित्र बघायला येणार होते. नापसंत पडलं तर सरकारी चित्रकाराची नोकरी जाणार, आणि तिच्याबरोबर हे घरही. बायकोने भांडी बांधायला घेतली.

परत गेलेला तोच कोट घालून सेनापती आले. चिटणिसाला बाहेर थांबवून त्यांनी दार लोटलं, खुर्चीत बसले आणि चित्राकडे बघत राहिले.

"हे हात कुणाचे?"

चित्रकार तोंड उघडायच्या आत सासरेच पुढे झाले.

"माझे, साहेब. जरा डोळा लागला होता."

"दिवसाढवळ्या?"

"टेकलं की लागतो."

 सेनापतींनी आपले हात चित्रातल्यासारखे मांडीवर ठेवून पाहिले. मग मान थोडी मागे टाकली. ऊन गुडघ्यावरून वर सरकू लागलं. ते छातीपर्यंत पोचायच्या आतच सेनापती घोरायला लागले.

सासऱ्यांनी हळूच त्यांच्या कॉलरचा हूक सैल केला. "काचतो तो," ते जावयाच्या कानात म्हणाले.

बऱ्याच वेळाने चिटणिसाने दार किलकिलं करून विचारलं, "काय, पसंत पडलं का?"

"बघतायत अजून," चित्रकार कुजबुजला आणि त्याने दार अलगद लावून घेतलं.