सुगनबाईच्या डोळ्यातला जीव

सुगनबाईला एकच डोळा होता. दुसरा लहानपणी देवीत गेलेला. या एका डोळ्यावर तिने अमळनेरात संसार केला, तांदळातले खडे वेचले, आणि एकुलता एक मुलगा निर्मल जिवापाड वाढवला. तो विसाव्या वर्षी दीक्षा घेऊन जैन साधू झाला आणि पायी निघून गेला. साधूला घर नसतं, म्हणजे आईही नसते. हे तिला समजत होतं. समजून काही उपयोग नव्हता.

आता त्या एका डोळ्यात किडा निघाला. धुळ्याच्या डॉक्टरांनी भिंग लावून पाहिलं. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ पडद्याखाली दोऱ्यासारखा जंत वळवळत होता.

"कुत्र्यांचा जंत हा. डास चावून माणसात येतो," डॉक्टर म्हणाले.

सुगनबाई थक्क झाली. पाणी ती दुहेरी कापडातून गाळायची आणि कापडावर राहिलेले जीव पुन्हा त्याच विहिरीत सोडायची. डास मात्र तिच्या घरात जावयाच्या थाटात राहायचे. त्यांना मारणं सोडाच, धूर करायचीही बंदी होती.

"काढून टाकू. औषधाचे थेंब घालून जागा बधिर करायची आणि चिमट्यानं ओढायचा. पण तो वर आला तरच. हा बघा, दडला पुन्हा. दिसला की पहिल्या गाडीनं या. डोळ्याच्या आत उतरला तर नजर जाईल."

"काढल्यावर तो जगेल?"

"नाही."

"मग राहू द्या."

तिचा नवरा झुंबरलाल सरकीचा व्यापारी, जिभेचा तिखट. एसटीत तो म्हणाला, "बिनभाड्याचा बिऱ्हाडकरू आहे तो. त्याच्यासाठी आंधळी होणार?"

"आपला मुलगा मुंगीला वाट देऊन चालतो. त्याला बघायला मी जीव मारून जाऊ?"

झुंबरलालने तिकिटं घडी करून खिशात टाकली आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

जेठ महिन्यात निर्मलचा साधूसंघ अमळनेरवरून जळगावला चातुर्मासाला जाणार, अशी बातमी होती. सुगनबाईने मनाशी ठरवलं, एकदा त्याला डोळाभर पाहायचं. मग डोळ्याचं काय व्हायचं ते होवो. डोळा चुरचुरून जंत वर आला की नवऱ्याने धुळ्याला नेऊ नये म्हणून ती पदर पुढे ओढायची आणि पाठ फिरवायची. डोळा लाल झाला, पुढे सगळं धुरकट दिसू लागलं.

दूध घालणाऱ्या कमलबाईने एकदा पदराआडचा वळवळणारा जंत पाहिलाच. "माय वं, वयवयी ऱ्हायना तो! डोया गया तर पोऱ्याले कशी दखशी?"

"मुलाला बघेन मी. हळू बोल. घरात आहेत ते."

जेठात साधू आले. ते उतरले होते त्या जैन स्थानकात सुगनबाई सर्वांच्या पुढे जाऊन उभी राहिली. समोर चौघे होते. चौघांचे कपडे पांढरे, डोकी मुंडलेली, तोंडाला पट्ट्या. तिच्या डोळ्याला ते चार पांढरे डाग दिसत होते. तिने डोळा फाडफाडून पाहिलं. आपल्या पोटचा पोर आपल्याला ओळखू येत नाही!

"महाराज, यातला माझा निर्मल कोणता?"

थोरले महाराज मायेने म्हणाले, "बाई, निर्मल नावाचं आता इथे कोणी नाही."

ते खरं तेच बोलत होते; दीक्षा घेतली की जुनं नाव सुटतं. चौघांपैकी कोणी हललं नाही.

बाहेर येताच तिने झुंबरलालची बाही घट्ट धरली. "धुळ्याला चला. मला निर्मल बघायचाय. पाप लागलं तर माझं मला लागू दे."

धुळ्यात नातेवाइकांकडे त्यांनी मुक्कामच ठोकला. एका सकाळी डोळा चुरचुरला, तेव्हा पदर न ओढता ती ओरडली, "आलाय, चला!" डॉक्टरांनी बोटाहून लांब जंत ओढून वाटीत टाकला. तिने वाटी जवळ मागितली. तो अजून वळवळत होता. तिने हात जोडले.

"क्षमा कर रे बाबा. मला माझा मुलगा बघायचा होता."

त्या जीवासाठी तिने तीन दिवस उपास केला.

श्रावणात, डोळा निवळल्यावर, दोघं जळगावला गेली. या वेळी ती मागच्या रांगेत बसली आणि तिथूनच तिने त्याला ओळखलं. पट्टीच्या वरचं कपाळ तिच्या बापाचं होतं. प्रवचन संपेपर्यंत तिने पापणी लवू दिली नाही. मग रांगेने पुढे जाऊन ती रीतीप्रमाणे वाकली आणि तिने क्षेम विचारलं.

"सुखसाता आहे ना, महाराज?"

"दया पाळो, बाई," तो नजर खाली ठेवून म्हणाला. सगळ्यांना तो हाच आशीर्वाद देत होता.

बाहेर ती ओट्यावर बसली. झुंबरलालने विचारलं, "दिसला ना नीट?"

"दिसला. वाळलाय हो पोरगा," ती म्हणाली, "आणि मी त्याला जेवलास का, एवढंसुद्धा विचारू शकत नाही."