अंगठ्याचा नेम

डॉ. मयुराचा धरमपेठेत दातांचा दवाखाना आहे. अक्कलदाढ काढताना तिचा हात हलत नाही अशी तिची ख्याती, पार कळमेश्वरहून पेशंट येतात. त्याच हाताच्या अंगठ्याला चार तारांमधली हवी ती एक तार सापडत नाही, हे मात्र तिला चाळिशी उलटल्यावर कळलं.

याला कारण रोशनी. रोशनी तिची कॉलेजातली मैत्रीण, तीही दातांचीच डॉक्टर. बॅचच्या स्नेहसंमेलनासाठी तिने एक बँड जमवला. गायला ती स्वतः होती, गिटारला आणि ड्रमला माणसं मिळाली, बेस गिटारला कोणी मिळेना. मयुरा लहानपणी थोडी पेटी शिकलेली. एवढ्या भांडवलावर रोशनीने तिला बेस घ्यायला लावली. चारच तर तारा असतात, असं तिचं म्हणणं.

बोटांनी सावकाश वाजवण्यापर्यंत सगळं ठीक चाललं. मग रोशनीने एक नाचाचं गाणं निवडलं आणि त्यात स्लॅप आला. स्लॅप म्हणजे अंगठ्याच्या हाडाने जाड तारेवर असा ठोका द्यायचा की ती दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांवर आपटून खणकन वाजली पाहिजे, आणि लगोलग पहिल्या बोटाने बारीक तार ओढून सोडायची. ऐकायला झकास. मयुराचा अंगठा एका तारेकडे म्हणून निघायचा आणि दोघींवर पडायचा, नाहीतर मधल्या फटीत अडकून बसायचा.

दवाखाना दुपारी बंद असतो, तेव्हा ती सरावाला बसायची. नेमके त्याच वेळी तिचे सासरे नत्थूजी आतल्या खोलीत आडवे व्हायचे. नत्थूजी कुहीकडच्या एका शाळेत पीटीचे मास्तर होते आणि खो-खोच्या सामन्यांना पंच. सुरुवातीला त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की गिटारला सहा तारा असतात ना, मग दुकानदाराने दोन कमी दिल्या की काय. पुढे मात्र तिचा ठोका चुकला की आतून शांत आवाज यायला लागला, "फाउल."

ते उठत नसत, डोळेही उघडत नसत. मयुराने नवऱ्याकडे तक्रार केली. अभिजीत म्हणाला की बाबांनी आपल्या वरातीत नाचणाऱ्यांचीसुद्धा रांग सरळ करायला लावली होती, तेव्हा फार अपेक्षा ठेवू नको.

तिचा गुरू अंकित, वयाने तिच्या निम्मा. एका चष्म्याच्या दुकानाच्या माडीवर त्याचा क्लास होता. तिचा ठोका बघून तो म्हणाला, "मॅडम, एवढा जोर काहून लावता? तार किडलेली नाहीये." मग त्याने शिकवलं. अख्खा हात उचलायचा नाही, कुलपात किल्ली फिरवावी तसं नुसतं मनगट फिरवायचं. अंगठा तारेपासून लांब न्यायचा नाही, लांबून येणाराच वाट चुकतो. डाव्या हाताच्या बोटांनी बाकीच्या तारा झाकून ठेवायच्या. एकच तार, एकदम हळू, आणि स्वच्छ वाजायला लागली की मगच वेग वाढवायचा. शेवटी त्याने गिटार गळ्यात अडकवायचा पट्टा आखूड करायला सांगितला, कारण बसल्यावर गिटार जिथे असते तिथेच ती उभं राहिल्यावरही असली पाहिजे.

मयुराने सगळं ऐकलं, पट्ट्याचं सोडून. छातीशी आलेली गिटार आरशात पाहून तिला केजीतल्या पोरीच्या गळ्यातली पाण्याची बाटली आठवली. तिने पट्टा पुन्हा लांब केला आणि घरी खुर्चीवर बसूनच सराव केला.

तरी फरक पडला. आतले फाउल कमी होत गेले. मग अंकितने नवीन गोष्ट दिली, मधूनमधून तार दाबून धरून सूर नसलेला, नुसत्या तालाचा ठोका द्यायचा. त्या दुपारी फाउलांचा पाऊस पडला. मयुरा उठून आत गेली आणि तिने समजावलं, "मामाजी, तो ठोका मुद्दाम बंद ठेवला जी. त्यात सूर नसतेच."

नत्थूजींनी डोळे उघडले. "म्हणजे बरोबर पडला तरी मुद्दाम, अन् चुकला तरी मुद्दाम? आमच्या टायमाले असे नियम असते तर आमची शाळा एकही मॅच हरली नसती."

मग रोशनीच्या गच्चीवर सगळ्यांची मिळून पहिली तालीम झाली. सगळे उभे, म्हणून मयुराही उभी. गिटार लोंबत मांडीपर्यंत गेली, मनगट वाकडं झालं आणि घरी जिथे तार असायची तिथे आता तार नव्हतीच. अंगठा हवेत, लाकडावर, भलत्याच तारेवर पडत राहिला. दोन-तीनदा गाणं थांबलं. शेवटी रोशनी गोड आवाजात म्हणाली की त्या जागी साधंच वाजव, कोणाला कळते. दाढ उपटण्याआधी मयुरा पेशंटशी ज्या आवाजात बोलते, तोच तो आवाज होता. तिला तो नीट ओळखू आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती सरावाला बसली, आणि बरंच चुकली. आतून काही आलं नाही. तिने एक ठोका जाणूनबुजून वाईट मारला. तरी शांतता. ती खोलीत डोकावली तर नत्थूजी जागे होते, छताकडे पाहत पडले होते.

"मामाजी, काहून गप्प आहा जी आज?"

"अभिजीतनं सांगतलं मले तालमीचं," ते म्हणाले. "मीच बोलू बोलू तुयं मन खचवलं, असं वाटून राहिलं."

मयुरा पलंगाच्या कडेला बसली. "तुम्ही बोलत जा. तुम्ही गप्प बसले की मले वाटते, आता काही आशाच नाही."

नत्थूजी उठून बसले. त्यांनी धोतराचा सोगा नीट केला. "खरं सांगू? अर्धे फाउल मी अंदाजानंच देत होतो. मले काय समजते त्यातलं."

तालमीपासून पहिल्यांदाच तिला हसू आलं. ती बाहेर गेली, पट्टा आखूड केला, इतका की गिटार थेट बरगड्यांशी आली, आणि आरशाकडे पाठ करून उभी राहिली. मनगट सरळ झालं. अंगठा समोरच्या तारेला समांतर आला. नत्थूजींनी आपली खुर्ची हॉलमध्ये ओढून आणली, पंचाने मैदानाबाहेर झोपून भागत नाही म्हणाले. त्या दिवसापासून ती उभी राहून वाजवायची, पुन्हा अगदी हळू, आणि ते फाउल द्यायचं सोडून जे ऐकू येईल ते सांगायचे: आता तार एकटी बोलली, आता दोघी बोलल्या.

स्नेहसंमेलनाच्या संध्याकाळी मयुराने रेशमी साडी नेसली, पदर पिनांनी पक्का केला आणि त्यावरून पट्टा घातला. गिटार एवढी वर पाहून रोशनी म्हणाली, "का वं, लेकराले दूध पाजून राहिली का?"

"हो, त्याची वेळ झाली," मयुरा म्हणाली.

गाण्यात ती जागा आली. पहिला ठोका खणकन पडला, मग दुसरा, मग बारीक तार टचकन सुटली. एकदा, शेवटाकडे, अंगठा घसरला. ड्रमवाल्याने मान वर केली आणि तो हसला. समोर दातांचे डॉक्टर खुर्च्या बाजूला सारून नाचत होते, त्यांना पत्ताही नव्हता. रोशनीने गाणं संपल्यावर तिला सगळ्यांसमोर मिठी मारली, गिटारीसकट.

ऐकायला नत्थूजी आणि अभिजीतही आले होते. परतताना गाडीत मयुराने नत्थूजींना विचारलं, कसं झालं.

"गाणं चांगलं झालं," ते म्हणाले. "पण त्या ढोलात तुयं मले काहीच ऐकू नाही आलं. तू वाजवत होती ना?"

अभिजीत गाडी चालवता चालवता खिडकीबाहेर बघायला लागला. मयुराने समजावलं की बेस वेगळी ऐकू येतच नाही, ती थांबली तरच काहीतरी गेलं असं वाटते. नत्थूजींना हे पटलं नाही. म्हणाले, उद्या एकटीच वाजव.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्या मधुकररावांनाही बोलावून आणलं. मयुराने सगळा भाग सुरुवातीपासून वाजवला. संपल्यावर मधुकररावांनी भीत भीत विचारलं की हे गाणं कोणतं होतं.

"गाणं नाही त्यात," नत्थूजी म्हणाले. "ते बाकीचे लोकं म्हणते." आणि त्यांनी मयुराला पुन्हा एकदा, जरा हळू, वाजवायला सांगितलं.