गोंताचं सुतक

"ताईत आणलास ना?" मी चपला काढायच्या आधीच सासूबाईंनी विचारलं.

पर्समध्ये होता. सुखरूप बाळंतपणाचा, पांढऱ्या रेशमी पिशवीतला. एप्रिलमध्ये त्यांनीच कामाकुराला जाऊन हाचिमानच्या देवस्थानातून आणून दिला होता. मे महिन्यात, तिसरा सरता सरता, माझा गर्भ पडला. ज्या ताईताने काम केलं नाही तो घरात ठेवायचा नाही, जिथला तिथे नेऊन द्यायचा आणि नवा घ्यायचा, असं सासूबाईंचं म्हणणं. म्हणून हा बेत. येत्या रविवारी, उरावाहून एका गाडीत बसून थेट कामाकुरा.

घरात काहीही झालं की माझा नवरा नोरिमासा वेळापत्रक काढतो. सासरे गेले तेव्हाही त्याने आधी गाड्याच बघितल्या होत्या. आताही फोन घेऊन बसला.

"आधी मोठा बुद्ध, मग हायड्रेंजियाची फुलं, मग जेवण, शेवटी देवस्थान."

"देवस्थान आधी," सासूबाई म्हणाल्या. "देवाला काय उरलासुरला वेळ देतोस? आणि जेवायला ते बारीक मासे. भातावर कच्चे घालून देतात ते. तुझ्या बाबांनी मला कधी खाऊ घातले नाहीत. स्वतः मात्र ऑफिसच्या सहलीत हादडून आले."

"बोटी गेल्या नसतील तर कच्चे मिळत नाहीत, आई. उकडलेले मिळतील."

"उकडलेले उरावातही मिळतात. त्यासाठी एवढं गाडीभाडं कोण घालवतं?"

मी ऐकत होते. हल्ली सगळं असंच ऐकू यायचं, शेजारच्या घरातला टीव्ही ऐकू यावा तसं.

"चिहारु, तू बोल ना काहीतरी. तुला काय बघायचंय?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही."

"काही नाही काय? समुद्राची हवा लागेल, मन रमेल. नवा ताईत घेऊ, आणि पुढच्या वर्षी..."

"मी तोरीखालून जाणार नाही."

देवस्थानच्या वाटेवरची ती लाल कमान, तोरी. घरात माणूस गेलं की पन्नास दिवस तिच्याखालून जायचं नाही. बुद्धाच्या देवळात चालतं, मेलेल्यांचं सगळं तिथेच असतं. देवस्थानातल्या देवांना मात्र मरण खपत नाही. हे मला सासूबाईंनीच शिकवलं.

"का गं?"

"सुतक आहे."

"कुणाचं?" त्यांनी खरंच विचारलं. नोरिमासाचं बोट फोनवर थांबलं.

"माझ्या बाळाचं."

"अगं, त्याचं कुठे सुतक असतं!" लहान पोरीला समजवावं तसा त्यांचा आवाज झाला. "नाव नाही, नोंद नाही. डॉक्टर काय म्हणाले? असं पुष्कळजणींचं होतं."

पुष्कळजणींचं होतं. हे मला डॉक्टरने सांगितलं, नर्सने सांगितलं, माझ्या आईने फोनवर सांगितलं. माणसं पुष्कळ मरतात, असं मयतीच्या घरी जाऊन कुणी सांगतं का? पण नोंद नाही म्हणजे कुणी मेलंच नाही. म्हणून मी त्या तोरीखालून जायचं, देवापुढे टाळ्या वाजवायच्या आणि दुसरं मागायचं. एकदा गेले की मीही तेच म्हटल्यासारखं झालं. कुणी मेलं नाही. मग ते असल्याचं म्हणणारं या जगात एकही माणूस उरत नव्हतं.

"मग नुसता बुद्ध बघून येऊ," नोरिमासा म्हणाला. भांडण नको, एवढंच त्याला हवं असतं.

"मग जायचं कशाला? ताईताचं काय?"

समोर सासऱ्यांच्या फोटोशेजारी गोंताची राख होती, रेशमी कापडात बांधलेल्या डब्यात. गोंता म्हणजे सासूबाईंचा कुत्रा. मागच्या वर्षी गेला.

"आई, गोंता गेला तेव्हा तुम्ही देवांच्या फळीवर सुतकाचा पांढरा कागद लावला होता."

"लावला होता. मग?"

"देवस्थानच्या जत्रेलाही गेला नाहीत. आम्हालाही जाऊ दिलं नाहीत."

"गोंता चौदा वर्षं या घरात होता!" त्यांचा आवाज चढला. "बाबा गेल्यावर तोच तर होता. माझ्या पायाशी निजायचा. याला तर कुणी पाहिलंसुद्धा नाही."

"मी पाहिलं."

सासूबाई माझ्याकडे वळल्या.

"संडासात. इतकंसं होतं. किती वेळ तशीच बसले होते आठवत नाही. मग पाणी सोडलं. दुसरं काय करतात ते मला कुणी सांगितलं नव्हतं."

रडत सांगितलं असतं तर त्यांना सोपं गेलं असतं. रडणाऱ्या सुनेला चहा करून देता येतो. नोरिमासा वेळापत्रक वाचतो तसं मी सांगितलं.

सासूबाई गोंताच्या डब्याकडे बघत राहिल्या. नोरिमासा पुन्हा फोनवर बोट फिरवू लागला. मला वाटलं, बघतोय गाड्या.

"जुलैत जाऊ," तो म्हणाला.

"जुलैत? फुलं सुकून गेलेली असतील."

"गर्दी कमी असते."

"जुलैत कधी?"

त्याने तारीख सांगितली. सासूबाई भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेल्या. त्या तारखेवर बोट ठेवून पन्नास दिवस मागे मागे मोजत आल्या, जूनचं पान उलटून मेमध्ये. बोट जिथे थांबलं ती तारीख मला माहीत होती. नोरिमासालाही माहीत होती. त्याने मला विचारली नव्हती. गर्दी कमी असते म्हणे. बाप असून एवढंही त्याला तोंडाने म्हणता आलं नाही.

कधी कुणी ती तारीख मोजली तर मला काहीतरी होईल, असं मला वाटायचं. काही झालं नाही. बसून बसून पाय बधिर झालेत, एवढंच कळलं.

सासूबाईंनी कपाटातून पांढरा कागद काढला आणि फळीखाली स्टूल ओढलं.

"नियम म्हणजे नियम," त्या कुणाकडे न बघता म्हणाल्या. "उशीर झालाय. पण लावायला हवा."

"आई, मी चढतो."

"तू बस. बाबांच्या वेळी वाकडा लावला होतास. सगळी पाहुणेमंडळी बघत होती."

त्यांना चिकटपट्टीचं टोक सापडेना. स्टुलावर उभ्या राहून त्या नुसती पट्टी फिरवत होत्या. मी उठले, ती त्यांच्या हातातून घेतली, नखाने टोक सोडवलं आणि एकेक तुकडा कापून वर दिला. फळीवरचे देव कागदाआड गेले.

"आणि ताईत?" मी विचारलं.

"राहू दे तुझ्याकडे. जुलैपर्यंत." त्या माझ्या खांद्याला धरून खाली उतरल्या. हात लगेच काढला नाही. "नोरिमासा, जुलैत ते मासे मिळतात का बघून ठेव. कच्चे."