मीडियम फ्रेम

टक्, टक्, टक्. दुपारच्या शांततेत बाल्कनीतून आवाज आला आणि माझा घास हातातच राहिला. रक्षिताला झोपवून मी नुकती ताटावर बसले होते. ती उठून सायकलचं पॅडल उलटं फिरवत होती.

"बोट चेनमध्ये जाईल, बाळा."

"नाही जाणार. मी लांबून फिरवतेय," ती म्हणाली. लांबून म्हणजे नाक चाकाला टेकवून.

सायकल माझी. म्हणजे, माझ्यासाठी आणलेली. रक्षिता झाल्यापासून मी एकटी अशी कुठे गेलेच नव्हते. ऑफिसचं काम घरून, भाजी फोनवरून, आणि न्हाणीघरात गेले तरी दाराच्या फटीतून चार बोटं आत. म्हणून मी यशोवर्धनकडे सकाळचा एक तास मागितला. हेब्बाळच्या तळ्यापर्यंत जायचं आणि लेक उठायच्या आत परत यायचं. तो लगेच हो म्हणाला. माझा नवरा वाईट नाही. ही त्याच्याशी भांडतानाची मोठीच अडचण आहे.

सायकल निवडायला सगळं घर बसलं. नणंद संयोगिता के. आर. पुरमहून फोनवर होती. "वैनी, मोठीच घ्या. आम्ही आलो की आमचे हेही चालवतील." सासूबाईंना, म्हणजे आमच्या अत्तेंना, रंग लाल हवा होता. यशोनं कुठूनसा उंचीवरून माप सांगणारा तक्ता काढला. "पाच फूट पाच इंच. मीडियम. संपलं."

माझी उंची सगळी पायात आहे. धड आखूड, हात त्याहून आखूड. हे आमच्या टेलरला ठाऊक आहे, तक्त्याला नाही. सीट खाली-वर होते, म्हणजे घरातल्या सगळ्यांना चालेल, असं ठरलं. सीट कितीही खाली-वर केली तरी हँडल काही जवळ येत नाही, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही.

आणि आली ती नेमकी आयुधपूजेच्या आदल्या दिवशी. आमच्याकडे त्या दिवशी चाक असलेलं काहीही सुटत नाही, मिक्सरलासुद्धा गंध लागतं. अत्तेंनी सायकलच्या दांडीवर विभूतीच्या तीन रेघा ओढल्या, हँडलला शेवंतीची माळ घातली, चाकाखाली लिंबू ठेवून यशोला सायकल पुढे ढकलायला लावली. गेटापाशी कोहळा फोडला. मी हात जोडून उभी होते. नुसती एकदा बसून बघ, असं मला कुणी म्हणालं नाही आणि मीही बसले नाही.

दुसऱ्या दिवशी बसले. हँडल धरायला मला सीटच्या टोकापर्यंत सरकावं लागत होतं. तळं यायच्या आधीच तळहात बधिर, मान आखडलेली. सर्व्हिस रोडवर समोर कुत्रं आलं, माझी बोटं ब्रेकपर्यंत पोचली नाहीत आणि मी पूजेनंतर रस्त्याकडेला टाकलेल्या केळीच्या खांबांच्या ढिगात गेले. लागलं फार नाही. पण घरी येऊन रक्षिताला उचललं तेव्हा मनगटातून अशी कळ गेली की तिला परत खाली ठेवावं लागलं. तिनं हात वर करून ठेवले होते, तसेच राहिले.

"सवय होईल," यशो म्हणाला. "स्वल्प ॲडजस्ट कर ना."

"मी ॲडजस्ट करू? का सायकलनं करावं?"

रविवारी स्कूटरवरून यशवंतपूरला दुकानात गेलो. मालक यशोशी बोलले. "सर, मॅडमना लेडीज दाखवू?" जांभळी, फुलाफुलांची, पुढे टोपली. "टोपलीत भाजी छान बसते, मॅडम."

"मला भाजी आणायची नाही."

"मग कशाला हवी सायकल?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं.

"हीच, आमच्याकडे आहे तीच, स्मॉल फ्रेममध्ये द्या," मी म्हणाले.

"स्मॉल?" ते यशोकडे वळले. "सर, मॅडमची हाईट चांगली आहे."

"हो, हाईट चांगली आहे," यशो म्हणाला. दोघं माझ्या हाईटवर खूश होते.

मी मागच्या गल्लीत स्मॉल काढली. कोपर आपोआप वाकलं. बोटं ब्रेकवर जाऊन बसली, जणू तिथलीच होती. गुडघे मात्र दुमडत होते, सीट वर घेतली की झालं. गल्लीच्या टोकाला गेले, वळले, परत गेले. कुणीतरी टेरेसवर गाद्या झोडत होतं. तेवढ्यात मला आठवलं की श्वास असा पोटापर्यंत जातो.

"सरी, ठीक आहे," मालक म्हणाले, "दिवाळीच्या आत आणा, बदलून देतो."

घरी अत्तेंनी ऐकलं आणि हातातली शेंग खाली ठेवली. "पूजा झालेलं वाहन परत द्यायचं? लिंबू चिरडलंय त्यानं. वर्षभर दारातून हलवायचं नाही."

"अत्ते, दुकानदाराला चालतंय."

"त्याला चालेल. देवीला?"

"मला नीट होत नाही ती."

"अगं, लग्नात सोन्याच्या बांगड्या तरी कुणाला नेमक्या होतात? आपण साबण लावतो."

यशोनं मध्यममार्ग काढला. तो नेहमी काढतो. "वाया नको जायला, तोवर मी चालवतो. पुढच्या आयुधपूजेला तुझी घेऊ, सरी ना?"

आता पहाटे तो जातो. मीडियम त्याला इतकी बसते की बघवत नाही. मी डबा भरत असते तेव्हा तो घामाघूम, आनंदी, परत येतो आणि फोन पुढे करतो. "बघ, पेलिकन. तू यायला हवं होतंस." पोट कमी झालंय त्याचं. अत्ते म्हणतात, सायकल लाभली घराला.

आज दुपारी ती टकटक ऐकत मी ताट तसंच ठेवलं. दिवाळी या आठवड्यात. हात धुतले, ओल्या फडक्यानं दांडीवरची विभूती पुसली, सुकलेली माळ काढून तुळशीत ठेवली.

अत्ते सोफ्यावर डोळे मिटून पडल्या होत्या.

"अत्ते, दुकानात जाऊन येते. सायकल घेऊन."

"मी झोपलेय," अत्ते म्हणाल्या. मग कूस भिंतीकडे वळवून, "पोरीला टोपी घाल. ऊन आहे."

लिफ्टमध्ये सायकल मागच्या चाकावर उभी करावी लागली. रक्षिता कोपऱ्यात, टोपी डोळ्यांवर.

"अम्मा, पप्पांची सायकल कुठे नेतोय?"

"दुकानात. परत द्यायला."

गेल्या आठवड्यात तिनं भिंतीवर रंगवलं तेव्हा मी तिचे खडू काढून घेऊन कपाटावर ठेवले होते. तिनं चाकाला हळूच हात लावला, आजारी माणसाला लावतात तसा, आणि आवाज खाली आणून मला विचारलं,

"पप्पांनी काय केलं?"