बसल्या मेंढराला काठी नाही

मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी आहे. काळी, जाड आणि टोचरी. उघड्या अंगानं माझ्यावर झोपून बघा, पाठ कशी चुरचुरते ती! पण थंडीत माझी किंमत काय, हे माणसाला नका विचारू, मेंढराला विचारा. कारण आधी मी त्याच्याच अंगावर होते.

विट्याच्या पूर्वेला, जिथं पाऊस वाट चुकून येतो, तिथल्या माळावर हरणाबाईची मेंढरं चरायची. त्यांची लोकर कातरली, पिंजली, हरणाबाईनं तिचं सूत काढलं आणि गावच्या सणगरानं मला मागावर विणलं. मग चिंचोके शिजवून केलेली खळ माझ्या अंगाला चोळली. खळ वाळली की घोंगडी इतकी कडक होते की भिंतीला टेकवली तर उभी राहील. त्या दिवसांत तिला काही म्हणजे काही कळत नाही. ऊन कळत नाही, वारा कळत नाही. पुढं वापरून वापरून अंग मऊ पडतं आणि मग सगळं कळायला लागतं. ही खळीची गोष्ट तेवढी ध्यानात ठेवा.

धनगराच्या घरात माझा मान मोठा. देवाचा भंडारा घोंगडीवर, सोयरीक घोंगडीवर, भांडणाचा निवाडाही घोंगडीवरच. आणि घोंगडीवर बसून खोटं बोलायचं नाही, हा दंडक. खाली मातीत बसून बोललात तर थोडं इकडंतिकडं चालून जातं. माझ्यावर नाही.

हरणाबाईला दोन लेकरं, अर्जुना आणि साळू. अर्जुना लहान होता तेव्हा मी त्याला पावसात गुंडाळून घेत असे. एका भर उन्हाळ्यात कळपातलं एक मेंढरू वाटेतच बसलं. अर्जुनानं त्याला काठीनं ढोसलं. हरणाबाई लांबून म्हणाली, "आरं, बसल्या मेंढराला काठी लावू न्हाई. ते दमल्यालं आसंल, न्हाईतर दुखत आसंल. उठंल तवा चालंल."

पोरगा तिथंच त्याच्या शेजारी बसून राहिला. मीही होते, त्याच्या खांद्यावर.

पुढं अर्जुना मिलिटरीत भरती झाला. हरणाबाई त्याच्या बिस्तऱ्यात मला कोंबायला लागली तेव्हा तो म्हणाला, "आये, तितं सरकार कांबळं देतंय."

"देऊ दे की. ते सरकारचं, ही आपली."

अशी मी फौजेत गेले, मित्रांनो! कृष्णाकाठच्या ऊसवाल्यांची पोरं मला बघून हसायची. "अर्जुना, मेंढरंबी आणायची व्हतीस की रं," म्हणायची. पण थंडी पडली की तीच पोरं माझं एक टोक ओढून घ्यायची. ते दिवस चांगले होते.

मग एकाहत्तर सालच्या डिसेंबरात लढाई लागली. आम्हाला वाळूच्या मुलखात नेलं. तिथं दिवसा डोळे भाजत आणि पहाटे बोटं वाकत नसत. अर्जुना खंदकात मला खांद्यावर घेऊन बसे. पहिले काही दिवस त्यानंही गोळ्या चालवल्या. त्या कुठं लागल्या ते आम्हाला दिसलं नाही.

मग एका सकाळी गोळी कुणाला लागणार ते दिसलं. समोरच्या टेकाडाच्या कडेला शत्रूचा एक माणूस आमच्याकडं पाठ करून बसला होता. त्यानं डोक्यावरून कांबळं घेतलं होतं. आपण घोंगडीची खोळ घेतो ना, अगदी तशी. हातात त्याच्या काहीतरी होतं. चहा असेल. वाफ निघत होती.

शेजारी मानसिंग सुभेदार होते. उंब्रजकडचे, मोठ्या बागायतदाराच्या घरातले, अर्जुनावर माया करणारे. ते हळूच म्हणाले, "मार की."

"साहेब, बसलाय त्यो."

"बसलाय? मग उठून रामराम घालायची वाट बघायची व्हय?"

अर्जुनानं रायफल खाली ठेवली. फेकली नाही, नीट ठेवली. म्हणाला, "साहेब, मला पाणी आणाया लावा, जखमी उचलाया लावा. गोळी न्हाई मारणार. आज न्हाई, हितनं पुढंबी न्हाई."

सुभेदार कुजबुजले, "हे मी ऐकलं न्हाई, गड्या. परत बोलू नगंस."

अर्जुना परत बोलला. तेवढ्या वेळात तो माणूस चहा पिऊन टेकाडाआड गेला.

सुभेदारांनी वरच्यांना सांगायचं ते सांगितलं, पण लढाई चालू होती, म्हणून अर्जुना तिथंच राहिला. पाणी वाहायचा, जखमी उचलायचा. दुसऱ्या दिवशी मानसिंग सुभेदारांनाच गोळी लागली. स्ट्रेचर जवळ नव्हतं. अर्जुनानं मला पसरलं, त्यांना माझ्यावर घेतलं आणि दुसऱ्या एका जवानाला टोकं धरायला लावून पळत निघाला. रक्त आधी कोमट असतं. मग ते गार होतं. मग माझी लोकर कडक झाली, खळ दिल्यावर होते तशी. कुणीतरी म्हणालं, "खाली ठेवा आता, घाई न्हाई." ते मला ऐकू आलं, पण कळलं नाही.

त्यानंतर जे झालं ते मी पाहिलं, एवढंच म्हणता येईल. अर्जुनाला साहेबांपुढं उभं केलं, शिक्षा झाली, तो तुरुंगात गेला. मी कोठारात गाठोड्यात पडले. सुटला तेव्हा नोकरी गेली होती, पेन्शन नव्हती. गावात आला तर दुष्काळानं निम्मी मेंढरं खाल्ली होती. पारावरचे लोक म्हणायचे, "नाव अर्जुना, धनुष्यबी टाकलं, फकस्त किस्न तेवढा भेटला न्हाई." तो ऐकून घ्यायचा. हरणाबाईनं मला ओढ्यावर नेऊन आपटून आपटून धुतलं. माझा मधला भाग काही मऊ झाला नाही.

आता साळूच्या सोयरिकीचं सांगते. ज्या पोराशी सोयरीक जमवायची होती, त्याला साळूनं विट्याच्या बाजारात बघितलं होतं. लंगडतं कोकरू खांद्यावर घेऊन हसत चालला होता. त्याचे वडील ज्योतिबा कऱ्हाडकडं राहायचे, शब्दाचे पक्के. बाळासोमामांनी, म्हणजे हरणाबाईच्या भावानं, बैठक ठरवली. ज्योतिबांच्या कानावर पारावरच्या गोष्टी गेल्याच होत्या.

मामा अर्जुनाला म्हणाले, "तुला इचारतील. आजारी पडलो म्हनून घरी धाडलं, आसं सांगायचं. काम झालं."

साळू पण म्हणाली, "दादा, म्हन की रं. तुझं काय जातंय?"

मामा हुशार! त्यांनी शेजारून नवी सतरंजी मागून आणली आणि मला खुंटीला अडकवलं. सतरंजीवर बसून बोललेल्याचं पाप कुठं लागतंय?

ज्योतिबा आले आणि उंबऱ्यातच थांबले. "हे काय हातरलंय?"

"सतरंजी, पाव्हणं. नवी हाय."

"ते दिसतंय मला. धनगराच्या घरात घोंगडी न्हाई? का दुष्काळात विकून खाल्ली?"

हरणाबाईला ते लागलं. तिनं मला खुंटीवरून काढलं आणि सतरंजीवर पसरलं. वर चिमूटभर भंडारा टाकला. मामांनी कपाळाला हात लावला.

सगळे माझ्यावर बसले. ज्योतिबांनी विचारलं, "पोरा, मिलिटरी कशापायी सुटली?"

"आवं, छातीचं दुखणं झालं व्हतं त्याला," मामा म्हणाले.

"मामा, त्याला जीब हाय," ज्योतिबा म्हणाले.

साळू दारात चहाचं ताट घेऊन उभी होती. अर्जुनानं तिच्याकडं बघितलं. मग त्यानं माझ्यावर पालथा हात ठेवला.

"आजारी न्हवतो. गोळी मारणार न्हाई म्हनालो. तुरुंगात घातलं, मग काढून लावलं."

"पळालास?"

"न्हाई. तितंच व्हतो."

"आन तुझ्यावरचा सुभेदार?"

"मेला. मी ज्याला सोडला त्यानं मारला का दुसऱ्यानं, मला ठावं न्हाई."

ज्योतिबांचा हात माझ्या मधल्या भागावरून फिरत होता. "हितं कडक कशानं लागतंय?"

"त्यांचंच रगात हाय."

ज्योतिबांनी हात काढला नाही. मग म्हणाले, "घोंगडीवर खरं बोललास. हे मी चार गावांत सांगीन. पर माझा धाकटा औंदाच भरती झालाय. त्याच्या शेजारीबी कोन तरी तुझ्यासारखा आसंल. ह्या घरातली पोरगी मी कशी नेऊ?"

ते चहा पिऊन गेले. चहा चांगला झालाय, असंही म्हणाले.

साळू चुलीपुढं जाऊन बसली. अर्जुनानं मला उचललं, डोक्यावरून खोळ घेतली आणि मेंढरं कोंडायच्या जाळीजवळ, वाघरीजवळ, पाठ करून बसला. तो रडत नव्हता. तो काहीच करत नव्हता. मला त्याचं अंग लागत होतं, पण त्यालाही खळ दिल्यासारखी होती.

मेंढरं सोडायची वेळ झाली. मामा काठी घेऊन तरातरा आले. "एक शब्द बोलायचा व्हता. आता बसून ऱ्हायलाय. ऊठ म्हनतो ना," म्हणून त्यांनी काठीचं टोक माझ्यावरून त्याच्या पाठीला लावलं.

मागून साळू आली. डोळे सुजलेले. तिनं मामांच्या हातातली काठी काढून घेतली.

"मामा, बसलाय त्यो. काठी लावू नगा."

आणि ती स्वतःच मेंढरं घेऊन माळाला गेली.

मित्रांनो, जुन्या घोंगडीला जपा. कसर लागू देऊ नका, अधूनमधून उन्हात घाला. एखादा भाग मऊ होत नसेल तर आपटू नका, त्याला राहू द्या. आणि कुणी पाठ करून, खोळ घेऊन बसलेला दिसला, तर कधी उठणार म्हणून विचारू नका. दमलेला असेल, नाहीतर दुखत असेल. उठेल तेव्हा चालेल.