साखरेच्या पाण्यातला दिवा

छायाला बोलायला लागून फार दिवस झाले नव्हते. म्हणजे घरी, मखमलाबादच्या मळ्यात, झेंडू तोडणाऱ्या बायांना दमवेल इतकी ती बोलायची. वर्गात मात्र तोंडाला कुलूप. नववीत रसायनशास्त्रानं ते कुलूप काढलं. अणू एकमेकांना धरून का राहतात, या प्रश्नानं तिला असं काही पछाडलं की एकदा वर गेलेला हात खाली यायलाच तयार होईना.

त्या वर्षी, अठ्ठ्याण्णव साली, शाळेच्या प्रदर्शनातून एकच प्रयोग तालुक्याला जाणार होता. तो आपलाच जायचा, हे छायानं मनाशी पक्कं केलं होतं. जोडीला निकिता, पाचवीपासून एका बाकावर बसणारी. प्रयोग अगदी साधा. दोन ग्लास पाणी, एकात मीठ, एकात साखर. जुन्या सेलमधल्या काळ्या कांड्या त्यात सोडायच्या आणि बॅटरी व एक छोटा लाल दिवा जोडायचा. मिठाच्या पाण्यात दिवा लागतो, साखरेच्या पाण्यात लागत नाही. फक्त पाणी शुद्ध हवं, क्षार नसलेलं. निकिताच्या मामांचं द्वारका चौकात बॅटऱ्यांचं दुकान होतं, बॅटरीत भरायला असलं पाणी तिथं असायचंच, तेव्हा ते तिनं आणायचं ठरलं.

आदल्या दिवशी तिनं कॅन आणून दिला. म्हणाली, "उद्या मला जरा उशीर होईल. तू मांडून ठेव."

सकाळी छायानं टेबल मांडलं. परीक्षक यायच्या आत एकदा करून बघावं म्हणून कांड्या साखरेच्या पाण्यात सोडल्या, आणि दिवा लागला. मिणमिणता, पण लागला. तिनं ग्लास धुतला, कांड्या पुसल्या, साखर नवी घेतली. पुन्हा लागला. रसायनशास्त्रात काही चाखायचं नसतं हे ठाऊक असूनही तिनं कॅनमधलं थोडं पाणी जिभेला लावलं. मचूळ. ही चव तिनं झोपेतसुद्धा ओळखली असती. निकिताच्या कॉलनीतल्या बोअरची. चार वर्षं अभ्यासाला जाऊन ती हेच पाणी पीत आली होती.

कॅनची अदलाबदल झाली असेल, असं म्हणत ती निकिताला शोधायला निघाली. फार लांब जावं लागलं नाही. चौथ्या टेबलाशी निकिता उभी होती, वर्गातल्या प्रतिभाच्या शेजारी. टेबलावर दोन ग्लास, एक लाल दिवा आणि मामांच्या दुकानाची चिठ्ठी चिकटवलेला कॅन.

"निके, हे काय गं?"

"अगं, प्रतिभाला कुणी जोडीदार नव्हतं."

"आणि मला होतं ते?"

"तुला कशाला लागतं कुणी? तू बोलतेस, मी नुसते ग्लास धरते. सरही विचारतात ते तुलाच."

छायाला हे खरं वाटलं, म्हणून जास्तच लागलं. "मग तसं तोंडावर सांगायचंस. बोअरचं पाणी कशाला दिलंस?"

तक्ता सरळ करता करता प्रतिभाच म्हणाली, "मी मागितलं नव्हतं हां. तिनंच आणलं."

"एक ग्लास दे, निके. तेवढ्यावर भागेल माझं."

निकितानं कॅनचं झाकण घट्ट फिरवलं. "आम्हालाच पुरायचं नाही."

आम्हाला. छाया परत आली. तोवर दुसऱ्या शाळेतून आलेल्या परीक्षक लताबाई तिच्या टेबलाशी पोचल्या होत्या.

"हे काय, साखरेतही लागतोय की तुझा दिवा. उलटंच झालं."

वायरला हळूच एक हिसका दिला असता तर दिवा विझला असता. छायाची बोटं तिथवर गेलीही. पण सकाळीच कुणीतरी आपल्याशी असं वागल्यावर तेच दुसऱ्याशी करायला तिचा हात धजेना.

"बाई, पाण्यात क्षार आहेत. दिवा त्यांच्यामुळे लागतोय, साखरेमुळे नाही."

"कशावरून?"

झाली का पंचाईत. छायानं एक क्षण विचार केला आणि कांड्या नुसत्या पाण्यात सोडल्या. तोच मिणमिणता उजेड. मग साखर टाकली, एक चमचा, दोन, पाच. उजेड तसूभर वाढला नाही. मग चिमूटभर मीठ टाकलं, आणि दिवा लालबुंद पेटला.

"मिठात सोडियम आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरिनला देऊन टाकतो, बाई. देणारा धन होतो, घेणारा ऋण, आणि त्या ओढीनं ते एकमेकांना धरतात. पाण्यात पडले की सुटतात आणि आपापला भार घेऊन हिंडतात, म्हणून वीज वाहते. साखरेतले अणू देऊन टाकत नाहीत, इलेक्ट्रॉन सामायिक ठेवतात. विरघळला तरी रेणू अख्खाच राहतो. भारच नाही, तर वीज नेणार कोण?"

लताबाईंनी वहीत बरंच काही लिहिलं. "शुद्ध पाणी का नाही आणलंस?"

छायाची नजर चौथ्या टेबलाकडे गेली. "मिळालं नाही, बाई."

दुपारी सरांनी निकाल वाचला. "तालुक्याला जाणार छाया आणि निकिता." अर्जावर नावं दोघींचीच होती. छाया सह्या करायला पुढं झाली, तर निकिता धावत येऊन शेजारी उभी. कानाशी लागून म्हणाली, "तालुक्याला दोन कॅन आणते, मामांना सांगून ठेवते."

सकाळपासून छायानं मनात लांबलचक भाषण रचलं होतं. आता त्यातलं एक वाक्य सापडेना.

"सर, निकिताचं नाव काढा. ती प्रतिभाच्या टेबलावर होती."

"भांडलात की काय?"

"नाही सर."

"छाये," निकितानं तिची बाही धरली, "पाचवीपासून आहोत गं आपण."

"हो ना," छाया म्हणाली. "कुणी दुसरीनं दिलं असतं, तर मी ते पाणी आधी तपासून घेतलं असतं."

सरांनी दोघींकडे पाहिलं आणि नावावर रेघ मारली. छायानं सही केली, दोन्ही ग्लास उचलले आणि धुवायच्या निमित्तानं ती नळावर गेली. ग्लास कधीच स्वच्छ झाले होते, तरी ती नळ सोडून बराच वेळ तिथंच उभी राहिली.