अनवाणी फेरी

खिडकीखाली पहिला लाल डाग दिसला, तेव्हा मिस्त्रींच्या मनात एकच आलं. मेहुण्याने पुन्हा काहीतरी सांडलं.

तसं मनात येण्यात त्यांचा काही दोष नव्हता. बायकोचा हा धाकटा भाऊ हाताखाली कामाला आल्यापासून त्याने चहा सांडला होता, गोंद सांडला होता, आणि एकदा तर पॉलिशचा अख्खा डबा लवंडून वर स्वतःच त्यात घसरून पडला होता. बायकोचा भाऊ म्हणजे काढताही येत नाही आणि ठेवताही येत नाही. मिस्त्री त्याला मशीन उचलायला, भुसा झाडायला आणि शिव्या खायला ठेवत.

"ए, इकडे ये," ते ओरडले. "काय सांडलंस?"

"मी कुठे काय सांडलं?" मेहुणा दारातूनच म्हणाला. आत यायची त्याला परवानगी नव्हती. घासलेल्या जमिनीवर त्याचे ते जाड बूट मिस्त्रींना डोळ्यांसमोर नको असत.

ही त्या जुन्या घराची पुढची खोली. कित्येक वर्षं गालिच्याखाली दडलेली लाकडी जमीन मिस्त्रींनी उघडी केली होती, कुजलेल्या फळ्या काढून तशाच जुन्या लाकडाच्या बसवल्या होत्या, वर आलेले खिळे आत दाबले होते आणि घासायचं मशीन फिरवून सगळं एकसारखं केलं होतं. दुपारी पॉलिश चढायचं होतं. त्याआधी राहते ती फक्त अनवाणी फेरी, आणि तीही मिस्त्रींनी आताच संपवली होती.

अनवाणी फेरी ही त्यांची खासियत. घासून झालं की ते चपला बाहेर काढत, डोळे मिटत आणि एका कोपऱ्यातून निघून फळीफळीवर तळवे सरकवत पलीकडच्या कोपऱ्यात पोचत. जरा वर राहिलेली कड, खिळ्याचं डोकं, उभं राहिलेलं कुसळ, डोळ्यांना जे दिसत नाही ते त्यांच्या पायांना कळे. थोरल्या भावाने शिकवलेली विद्या होती ती. खिडकीतला उजेड फसवतो, असं भाऊ म्हणायचा. गिऱ्हाइकांना तर ही फेरी बघायला इतकी आवडायची, की शेजारच्यांना बोलावून आणत. आणि फेरी संपली की मिस्त्री म्हणत, "आता इथे तान्ह्या बाळाला सोडा."

"पाय दाखव," ते मेहुण्याला म्हणाले. "काहीतरी लागलंय तुला, आणि नेहमीसारखा पत्ता नाही."

मेहुण्याने उंबऱ्यावर बसून बूट काढले, मोजे काढले. मोज्यांना भोकं होती. पाय धडधाकट होते.

तेवढ्यात घरमालकीण आतल्या दारात येऊन उभी राहिली. तरुण बाई, कडेवर लेक. ती लेक नुकतीच रांगायला लागली होती आणि खाली उतरण्यासाठी सारखी वळवळत होती. ही जमीन करून घेतली होती ती तिच्यासाठीच.

"झालं का हो मिस्त्री? हिला कधी सोडू? माझा हात मोडायला आलाय."

"पॉलिश सुकलं की खुशाल सोडा."

"आणि ते तुमच्या मागे काय लागलंय?"

मिस्त्रींनी वळून पाहिलं. डाग एकच नव्हता. खिडकीपासून एक पाऊल सोडून एक असे लाल ठिपके निघाले होते, आणि ते थेट त्यांच्या डाव्या टाचेपाशी येऊन थांबले होते.

"खुणेचा रंग आहे," ते म्हणाले. "घासून टाकतो आता."

बाई हसून आत गेली. मिस्त्रींनी मेहुण्याला पॉलिशचे डबे आणायला गाडीकडे पिटाळलं, हत्यारांच्या पेटीवर बसले आणि डावा पाय उजव्या गुडघ्यावर घेतला.

टाचेत एक कुसळ घुसलं होतं. चांगलं जाडजूड. त्यांनी पकडीने धरून ओढलं, तर ओढतच राहावं लागलं, आगपेटीच्या काडीएवढं निघालं. रक्त भळकन आलं. मिस्त्री कळ येण्याची वाट बघत बसले. कळ आलीच नाही.

त्यांनी टाच दाबली, मग बोटं दाबली, मग अंगठ्याला करकचून चिमटा काढला. दुसऱ्या कुणाचा तरी पाय हातात धरल्यासारखं वाटत होतं.

"पायाखाली कापूस पसरलाय रे कुणी," थोरला भाऊ म्हणाला होता. तेव्हा सगळे हसले होते, मिस्त्री सगळ्यांत जास्त. मग भावाच्या रक्तातली साखर सापडली, पण उशिरा. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्यापासून पाय. भाऊ गेला तेव्हा दारात एका पायाची चप्पल झिजलेली होती आणि दुसरी नवी कोरी. ती कोरी चप्पल फेकायचं धाडस वहिनीला झालं नाही. मिस्त्री तिच्याकडे गेले की त्या चपलेकडे बघायचं टाळत. रक्त तपासून घ्या म्हणून बायको मागे लागली, की तीच चप्पल मनात यायची आणि तोंडाने मात्र म्हणायचे, मला काय धाड भरली आहे.

पण त्यांना खरी धडकी भरली ती पुढच्या विचाराने.

गेल्या वर्षभरात त्यांचं काम फार सुधारलं होतं. म्हणजे तसं त्यांना वाटत होतं. पूर्वी फेरीत ठिकठिकाणी अडायला व्हायचं, थांबून खूण करावी लागायची, पुन्हा घासावं लागायचं. अलीकडे प्रत्येक जमीन पहिल्याच फेरीत लोण्यासारखी लागायची. नवं मशीन भारी आहे, असं त्यांनी चार लोकांत सांगितलं होतं. आता कुठे हात बसला, असंही बायकोला सांगितलं होतं. मागच्या महिन्यात एका घरातून फोन आला होता, मुलाच्या तळहातात लाकूड घुसलं म्हणून, तेव्हा त्यांनी त्या माणसालाच झापलं होतं. "तुम्ही कपाट ओढलं असणार. माझ्या पायाखालून गेलेली जमीन आहे ती."

जमिनी मऊ झाल्या नव्हत्या. गेल्या वर्षभरातल्या सगळ्या घरांत किती कुसळं उभी राहिली असतील, कुणास ठाऊक.

आणि ही खोली. ते कुसळ इथल्याच कुठल्या तरी फळीतून निघालं होतं, आणि जिथून एक निघतं तिथे आणखी असतात. एकदा पॉलिश चढलं की ती टोकं सुकून टाचणीसारखी कडक होणार, आणि त्यांच्यावरून ती पोर गुडघे घासत जाणार. मिस्त्री खाली बसले. त्यांनी तळहात फिरवले, पण आयुष्यभर रंधा धरून त्या हातांचं कातडं चामड्यासारखं झालेलं. शेवटी ते आडवे झाले आणि त्यांनी गाल फळीला लावला.

मेहुणा डबे घेऊन आला, तेव्हा भाऊजी जमिनीवर पालथे पडून गालाने फळ्या चाचपत होते. एरवी त्याने यावर वर्षभर पुरेल एवढी मस्करी केली असती. पण त्याला लाल ठिपके दिसले, पेटीजवळचा रक्ताळलेला फडका दिसला, आणि त्याने डबे बाहेरच ठेवले.

"भाऊजी, काय झालं?"

"बूट काढ," मिस्त्री म्हणाले. "आत ये."

"मी? आत?"

"डोळे मीट आणि कोपऱ्यातून चालत ये. पाय उचलायचा नाही, सरकवायचा. काही लागलं की थांब."

मेहुणा चालू लागला. भिंतीशी चार पावलं धड आला आणि थांबला. "इथे." मिस्त्रींनी खडूने खूण केली. थोडं पुढे पुन्हा, "इथे. खिळा आहे बहुतेक." खिडकीखाली तर तो "आई गं" म्हणून एका पायावर उडाला. सगळ्यांना हसवणारा हा माणूस अंधारात चालल्यासारखा हात पुढे धरून येत होता आणि पावलोपावली सांगत होता, इथे, इथेही. तासाभरापूर्वी मिस्त्री याच फळ्यांवरून गेले होते. तेव्हा त्यांना सगळीकडे लोणी लागलं होतं.

"आज पॉलिश नाही," फेरी संपल्यावर ते म्हणाले. "या सगळ्या जागा पुन्हा घासायच्या. आणि मागची घरं आहेत ना, तिथे परत जायचं. तू चालायचंस."

"चालेन. पण आधी तुम्ही बसा."

मिस्त्री पेटीवर बसले. मेहुण्याने टाच धुतली, पट्टी बांधली आणि भोकं पाडायचा टोचा स्पिरिटने पुसून हातात घेतला. तो घरातलाच होता, मिस्त्रींच्या थोरल्या भावाचं सगळं त्यालाही ठाऊक होतं.

"डोळे मिटा. हलकेच लावतो. लागलं की सांगा."

मिस्त्रींनी डोळे मिटले.

"गुडघ्याखाली," ते म्हणाले.

"बरोबर."

"पोटरी."

"बरोबर."

"घोट्याच्या वर. लागलं जरा."

"बरोबर आहे."

मग काहीच झालं नाही. मिस्त्री वाट बघत राहिले. आतल्या खोलीत ती पोर कशावर तरी चमचा आपटत होती, बाई तिला गप्प करत होती. टोचा नक्की अंगठ्याला लागेल असं वाटून त्यांनी दात आवळून धरले. मग वाटलं, आता टाचेला.

"थांबलास का?" ते म्हणाले. "लाव की."

मेहुणा थोडा सरकून बसल्याचं त्यांना जाणवलं.

"अरे, घाबरतोस काय? माझा पाय आहे, लाव."

"लावतोय, भाऊजी," मेहुणा म्हणाला. त्याचा आवाज ओला झाला होता. "अंगठ्यापासून टाचेपर्यंत आलो. आता दुसऱ्या पायावर आहे."

मिस्त्रींनी डोळे उघडले नाहीत.